दरखास्त व ऋणकोचे बचाव

पैशांच्या दाव्यात हुकूमनामा, म्हणजे डिक्री, झाल्यावरही रक्कम न मिळाल्यास धनको, म्हणजे पैसे येणे असलेला, तिच्या अंमलबजावणीसाठी दिवाणी न्यायालयात जो अर्ज करतो, त्याला महाराष्ट्रातील न्यायालयांत दरखास्त म्हणतात. ती दाखल करण्याची मुदत सर्वसाधारणपणे 12 वर्षे असते. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील आदेश 21 तिला लागू होतो.

‘मी पैसे घेतलेच नव्हते’ हा बचाव येथे चालत नाही. दरखास्त चालवणारे न्यायालय हुकूमनाम्याच्या मागे जात नाही, म्हणजे तो बरोबर की चूक हे पुन्हा तपासत नाही. समन्स न बजावताच एकतर्फी हुकूमनामा झाला असेल, तर तो कळल्यापासून 30 दिवसांत मूळ न्यायालयात रद्द करून मागावा. अपील केले तरी वसुली आपोआप थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते.

ऋणकोची, म्हणजे पैसे देणे असलेल्याची, खरी ढाल याच संहितेचे कलम 60 आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माचारानुसार स्त्रीला अंगावेगळे करता न येणारे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, गरजेपुरती गुरे, बियाणे आणि शेतकरी स्वतः राहतो ते त्याचे घर जप्त होत नाही. पोटगीखेरीज इतर हुकूमनाम्यांत पगारातील पहिले 1,000 रुपये व उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग सुटतो. हिशोबात धरला जाणारा पगार 31,000 असेल, तर दरमहा फार तर 10,000 कापता येतात. ही सूट आधीच लिहून सोडून दिली असली, तरी तो करार रद्दबातल ठरतो. कर्जाच्या कागदांवर डोळे झाकून सह्या करणाऱ्यांना हे सहसा ठाऊक नसते.

हुकूमनाम्यानंतर हप्ते बांधून घ्यायला धनकोची संमती लागते. न्यायालयाबाहेर पैसे दिले, तर त्यांची नोंद 30 दिवसांत करून घ्यावी. नोंद नसलेला भरणा दरखास्तीत धरला जात नाही, मग हातात पावती असो वा नसो. ऋणको सर्वाधिक फसतो तो इथेच.

पैशांच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. इतरांनाही केवळ ऐपत नाही म्हणून कैदेत टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात 1980 मध्ये स्पष्ट केले. ऐपत असून टाळाटाळ केल्यासारखी दुर्वर्तणूक दिसावी लागते. कैद झाली तरी कर्ज फिटत नाही.

स्थावर मालमत्तेचा लिलाव झाल्यावरही 60 दिवसांत देणे रक्कम आणि खरेदीदारासाठी बोलीच्या 5 टक्के भरून तो रद्द करून घेता येतो.