गावापर्यंतची तार आणि शेतमालाचा भाव

ग्रामीण दूरसंचाराची मूळ अडचण अंतराची आहे. शहरात एका खांबावरून अनेक घरं जोडली जातात, रानात एका घरासाठी अनेक खांब रोवावे लागतात.

टेलिफोनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलच्या पेटंटची मुदत 1890 च्या दशकात संपली. मोठ्या कंपन्या शेतवस्त्यांकडे फिरकत नव्हत्या, तेव्हा अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी कुंपणाची काटेरी तारच फोनला लावली. तार एकच, प्रवाहाचा परतीचा मार्ग जमिनीतून. बोलण्यासाठी बॅटरी, घंटीसाठी मॅग्नेटो, म्हणजे हाताने फिरवायचं छोटं वीजजनित्र. सगळी घरं त्याच तारेवर असल्याने लांब-आखूड घंटीवरून फोन कुणाचा ते ओळखायचं. पावसात भिजलेल्या लाकडी खांबातून प्रवाह जमिनीत उतरे आणि आवाज बुडे. म्हणून तार बाटलीच्या गळ्यावर किंवा चामड्यावर अडकवत. पुढे शेजारून विजेच्या तारा गेल्या, तशी या तारांवर घरघर वाढली. 1930 च्या दशकातल्या मंदीत दुरुस्तीला पैसा उरला नाही. 1920 मध्ये तिथल्या सुमारे 39 टक्के शेतांवर फोन होता, 1940 मध्ये 25 टक्क्यांवर. 1949 पासून सरकारने ग्रामीण फोनसाठी स्वस्त, दीर्घ मुदतीची कर्जं दिली, तेव्हा गाडी रुळावर आली.

भारतात अडलं ते एक्स्चेंजपाशी, म्हणजे एका फोनची तार दुसऱ्याला जोडून देणाऱ्या केंद्रापाशी. यंत्रणेला वातानुकूलन हवं आणि खेड्यात वीज टिकत नव्हती. 1984 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने वातानुकूलनाशिवाय चालणारं 128 पोर्टचं, म्हणजे तारा जोडायच्या 128 जागांचं, ग्रामीण एक्स्चेंज घडवलं.

फोनचा व्यापारावरचा परिणाम नेमका मोजला गेला केरळच्या किनाऱ्यावर, 1997 ते 2001 दरम्यान. मोबाइल आल्यावर मासेमार समुद्रातूनच बंदराबंदराचा भाव विचारून होडी वळवू लागले. आधी 5 ते 8 टक्के मासळी गिऱ्हाइकाअभावी वाया जायची, ते जवळपास थांबलं. त्यांचा नफा सुमारे 8 टक्के वाढला, गिऱ्हाइकाला मासळी सुमारे 4 टक्के स्वस्त पडली.

महाराष्ट्रातल्या 100 गावांत एसएमएसने बाजारभाव आणि हवामान कळवून पाहिलं गेलं. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शेतकऱ्याला मिळालेल्या भावात लक्षणीय फरक दिसला नाही. आमच्या मते हा निष्कर्ष केरळइतकाच मोलाचा आहे. होडी दुसऱ्या बंदराला लावता येते. भरलेला टेम्पो दुसऱ्या बाजार समितीत न्यायचा तर जादा भाडं, वेळ आणि उचल देणाऱ्या अडत्यापासून मोकळीक लागते. शिवाय एसएमएस एकतर्फी. प्रतवारी काय लावणार, पैसे कधी देणार, हे शेतकऱ्याला त्यातून विचारता येत नाही.

2011 मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेने ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याचं काम हाती घेतलं. इथेही जुनंच दुखणं आहे: रस्त्याच्या खोदकामात केबल तुटते, पंचायतीतली वीज जाते, बॅटरी उतरते आणि जोडणी बंद पडते.