पालो अल्टो आणि ईस्ट पालो अल्टो : शेजारच्या दोन गावांमधली उत्पन्नाची दरी

ईस्ट पालो अल्टो हे अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातलं छोटं शहर, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला ५० किमीच्या आसपास, खाडीच्या काठावर. त्याला अगदी खेटून पालो अल्टो, म्हणजे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दारातलं गाव, जगातल्या सगळ्यात श्रीमंत उपनगरांपैकी एक. श्रीमंत उपनगरी भागात वस्ती-वस्तीत उत्पन्नाचा किती फरक असू शकतो आणि तो तयार कसा होतो हे बघायचं असेल तर ही जोडी फार स्पष्ट उदाहरण आहे, कारण इथे फरक कुठल्या वर्षी कुठल्या निर्णयाने पडला ते बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं.

मुंबईच्या माणसाची नाव ऐकून हमखास गल्लत होते. त्याला वाटतं अंधेरी ईस्ट आणि अंधेरी वेस्ट, तसंच असणार, मधे रेल्वे आणि दोन्हीकडे तीच महापालिका. तसं नाहीये. ईस्ट पालो अल्टो हे पालो अल्टोचा पूर्व भाग नाहीच, ते वेगळं शहर आहे, वेगळी नगरपालिका, वेगळे पोलीस, वेगळ्या शाळा, एवढंच काय जिल्हासुद्धा वेगळा. पालो अल्टो सँटा क्लारा काउंटीत आणि ईस्ट पालो अल्टो सॅन मॅटेओ काउंटीत, मधे सॅन फ्रान्सिस्किटो नावाचा ओढा. बाहेरच्याला ही हद्द म्हणजे नकाशावरची एक बारीक रेघ वाटते, पण या नोंदीतलं जवळपास सगळं त्या रेघेमुळे घडलंय.

२०२० च्या जनगणनेत पालो अल्टोची लोकसंख्या ६८ हजारांच्या वर होती आणि ईस्ट पालो अल्टोची साधारण ३० हजार. पालो अल्टोत उत्पन्नाच्या क्रमाने बरोबर मधे येणाऱ्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाख डॉलरच्या वर आहे, ओढ्यापलीकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. आता एक लाख डॉलर ऐकून इकडे कोणी म्हणेल की मग गरीब कुठे आहेत ते, तर तिथला हिशोबच वेगळा आहे. केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याने २०१८ मध्ये सॅन मॅटेओ काउंटीत चार माणसांच्या कुटुंबासाठी 'कमी उत्पन्न गट'ची मर्यादा १,१७,४०० डॉलर ठरवली होती. म्हणजे त्याच्या खाली कमावणारं कुटुंब सरकारी भाषेत कमी उत्पन्नाचं. शिवाय ईस्ट पालो अल्टोत तो आकडा बऱ्याचदा एका घरातल्या चार-पाच कमावत्या माणसांचा मिळून असतो आणि पालो अल्टोत एका-दोघांचा, हा फरक या आकड्यात दिसत नाही.

डोळ्यांना मात्र दिसतो. स्टॅनफर्डच्या ताडाच्या रांगांमधून बाहेर पडलं की सरळ युनिव्हर्सिटी अव्हेन्यू लागतो, आधी डाउनटाउन, कॅफे, मग क्रेसेंट पार्क नावाची वस्ती, तिथे रस्त्यावर दोन्हीकडून झाडांची कमान आणि आत मोठमोठी घरं, ज्यांच्यापुढे बहुतेक वेळा एकही गाडी उभी नसते कारण गाड्या गॅरेजमध्ये. मग ओढा, मग काचेच्या ऑफिस इमारती आणि एक पंचतारांकित हॉटेल, मग १०१ नंबरच्या हायवेवरचा पूल, आणि पुलाच्या पलीकडे झाडं एकदम विरळ होतात, ऊन अंगावर येतं. घरं बैठी, लहान, आणि एकेका घरापुढे पाच-पाच सहा-सहा गाड्या, एखादी अंगणातच लावलेली. गाड्या बाहेर का, तर गॅरेजमध्ये माणसं राहतात. गॅरेजच्या शटरला आतून प्लायवूड ठोकून, बाजूने दार काढून केलेली खोली इथे नवलाची नाही, आणि तिचंही भाडं द्यावं लागतं. हे सगळं गाडीने दहा मिनिटांचं अंतर.

मराठी लोकांचा या रस्त्याशी रोजचा संबंध आहे. खाडीपलीकडच्या फ्रीमाँट, न्यूअर्क भागात आपली खूप कुटुंबं राहतात आणि तिथून पालो अल्टो, मेन्लो पार्कच्या ऑफिसांना यायचं तर डंबार्टन ब्रिजवरून उतरून बऱ्याच जणांना ईस्ट पालो अल्टोतूनच जावं लागतं. मीही काही वर्षं हेच केलं. संध्याकाळी युनिव्हर्सिटी अव्हेन्यूवर गाड्यांची रांग मुंगीच्या वेगाने सरकते, तो धूर तिथल्या घरांच्या खिडक्यांत जातो आणि गाडीतल्या कोणाचंच तिथे काही काम नसतं. नवीन असताना सगळे सीनियर सांगायचे की इथे मधे थांबू नकोस, आणि मीही काचा वर करून जायचो, का ते कधी विचारलं नाही. आता त्याचं वाईट वाटतं.

हे असं झालं कसं

सुरुवातीला इथे कोंबड्या आणि शेती होती. १९१६ च्या सुमारास चार्ल्स वीक्स नावाच्या माणसाने रनीमीड ही छोट्या शेतकऱ्यांची वसाहत काढली, एकेक एकराचे प्लॉट, त्यावर कोंबडीपालन. दुसऱ्या महायुद्धानंतर परिसरात घरांची प्रचंड गरज निर्माण झाली आणि सरकारी हमीची स्वस्त कर्जं आली, पण ती हमी देताना सरकारच गोऱ्यांच्या वस्तीत काळ्या कुटुंबाला घर नको अशी अट बघायचं. स्टॅनफर्डजवळच्या लडेरा नावाच्या वस्तीची गोष्ट यासाठी सांगितलीच पाहिजे. तिथे काही लोकांनी सहकारी तत्त्वावर, म्हणजे आपल्या हाउसिंग सोसायटीसारखंच, जमीन घेऊन घरं बांधायचं ठरवलं. सभासद दीडशे कुटुंबं आणि त्यात फक्त तीन कृष्णवर्णीय. तेवढ्यावरून सरकारने कर्जाची हमी नाकारली, सोसायटी बुडाली, १९५० मध्ये जमीन एका बिल्डरला गेली आणि त्याला हमी मिळाली ती काळ्यांना घर विकणार नाही या अटीवर. तीन कुटुंबांमुळे. हे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मागास राज्यात नाही, स्टॅनफर्डच्या कुंपणाला लागून घडलंय.

मग ही कुटुंबं जाणार कुठे? ईस्ट पालो अल्टोकडे. १९५४ मध्ये तिथल्या एका गोऱ्या मालकाने कृष्णवर्णीय कुटुंबाला घर विकलं आणि लगेच घरांच्या दलालांनी बाकीच्यांना घाबरवायला सुरुवात केली, आता तुमच्या घराचे भाव पडणार, मिळेल त्या किमतीला विका. यात कोणी गल्लीतले एजंट नव्हते, राज्याच्या रिअल इस्टेट असोसिएशनचा अध्यक्षच पुढे होता. लोक घाबरून स्वस्तात विकायचे आणि दलाल तीच घरं कृष्णवर्णीय कुटुंबांना महागात विकायचे, कारण त्यांना दुसरीकडे कोणी दारात उभं करत नव्हतं. म्हणजे जास्त पैसे देऊन कमी किमतीचं घर, कर्जाचे हप्ते फेडायला घरात भाडेकरू ठेवा, एका घरात दोन कुटुंबं, आणि मग शेजारी म्हणणार बघा यांची वस्ती कशी असते. १९७० पर्यंत गावात निम्म्याहून जास्त लोक कृष्णवर्णीय होते.

पन्नासच्या दशकातच १०१ हायवे रुंद करून फ्रीवे केला. गावाचा बाजार नेमका त्या पट्ट्यात होता, पन्नासच्या वर धंदे उठले आणि गाव बाकी जगापासून कापलं गेलं. गावाला स्वतःची नगरपालिका नव्हती, कारभार काउंटीकडे, त्यामुळे विरोध करायला कोणी नाही. आसपासची कराचं उत्पन्न देणारी जमीन मेन्लो पार्क आणि पालो अल्टोने हळूहळू आपल्या हद्दीत घेतली आणि जे कोणाला नको होतं ते उरलं. खाडीकाठच्या कूली लँडिंगला कित्येक वर्षं काउंटीचा कचरा पडायचा (तिथे आता बाग आहे, २०१२ पासून), आणि बे रोडवरचा घातक रासायनिक कचऱ्यावर प्रक्रिया करणारा कारखाना लोकांनी वर्षानुवर्षं भांडून अखेर २००७ मध्ये बंद करायला लावला.

लोक मात्र नुसते सोसत बसले नव्हते. साठच्या दशकात मुलांना शाळेत नीट शिकवत नाहीत म्हणून आयांनी स्वतःची शाळा काढली, नैरोबी डे स्कूल, पुढे नैरोबी कॉलेज, आणि गावाचंच नाव नैरोबी करावं म्हणून १९६८ मध्ये मतदान झालं, ते हरलं. १ जुलै १९८३ ला शेवटी स्वतःचं शहर झालं, तेही अगदी थोड्या मतांच्या फरकाने, आणि नव्या कौन्सिलने लवकरच घरभाड्यावर नियंत्रण आणलं. या शहर होण्याचा मोठा आधार म्हणजे आपल्या घरांचं आपण बघू ही भावना.

शाळा

या भागाबद्दल एकच गोष्ट वाचायची असेल तर शाळांची वाचा. रेव्हन्सवुड हायस्कूल १९५८ मध्ये सुरू झालं आणि १९७६ मध्ये बंद. तेव्हापासून गावातल्या मुलांना हायस्कूलसाठी बसने दुसऱ्या गावांत पाठवायला लागले, आणि शाळेच्या जागेवर पुढे शॉपिंग सेंटर उभं राहिलं.

खालच्या इयत्तांचा प्रश्न पैशाचा. कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रोपोझिशन १३ (लोकांनी मतदानाने केलेला कायदा) नंतर घरपट्टी खरेदी किमतीच्या साधारण एक टक्का आणि मूल्यांकन वर्षाला फार तर दोन टक्के वाढणार, घर विकेपर्यंत. राज्य सरकार शाळांना दर विद्यार्थ्यामागे ठरावीक रक्कम देतं, पण ज्या शाळा-जिल्ह्याची (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्वतंत्र संस्थेची) स्थानिक घरपट्टीच त्या रकमेपेक्षा जास्त भरते त्याला वरचे सगळे पैसे स्वतःकडे ठेवता येतात. पालो अल्टो तसा जिल्हा, शिवाय पालकांच्या फाउंडेशनच्या देणग्या वेगळ्या. ईस्ट पालो अल्टोच्या रेव्हन्सवुड शाळा-जिल्ह्याला बरीच वर्षं राज्याच्या ठरावीक रकमेवरच भागवावं लागलं. म्हणजे घर महाग म्हणून शाळा चांगली आणि शाळा चांगली म्हणून घर अजून महाग, हे चक्र ओढ्याच्या एका बाजूला वर जातं आणि दुसऱ्या बाजूला फिरतच नाही.

१९७६ मध्ये शाळांमधल्या वांशिक विभागणीविरुद्ध काही पालक कोर्टात गेले, दहा वर्षं केस चालली आणि १९८६ मध्ये तडजोड झाली, तिला टिन्सली तडजोड म्हणतात. त्यानुसार रेव्हन्सवुड भागातल्या ठरावीक लहान मुलांना दरवर्षी पालो अल्टो आणि आजूबाजूच्या श्रीमंत जिल्ह्यांतल्या शाळांत जागा मिळते. अर्ज जास्त आले की सोडत. आमच्या ऑफिसात संध्याकाळी साफसफाईला एक बाई यायच्या, मूळच्या मेक्सिकोच्या, त्यांच्या बहिणीच्या मुलीचा नंबर लागला होता आणि त्यांच्या मुलाचा नाही. एकाच घरातली, एका अंगणात खेळणारी दोन मुलं, एक सकाळी अंधारात बस पकडून पालो अल्टोला जायची आणि दुसरा चालत कोपऱ्यावरच्या शाळेत. तिच्या शाळेत बागकाम आहे, व्हायोलिन आहे, असं त्या कचऱ्याचा डबा हातात धरून सांगायच्या, तक्रार म्हणून नाही, कौतुकानेच. नंबर न लागलेल्या मुलाचं नाव मात्र त्या फार काढायच्या नाहीत.

१९९२ आणि नंतर

१९९२ मध्ये साधारण २४ हजार वस्तीच्या या गावात ४२ खून झाले आणि लोकसंख्येच्या प्रमाणात देशातलं सगळ्यात जास्त खुनांचं शहर म्हणून नाव झालं. सीनियर लोकांचं 'थांबू नकोस' तिथून आलेलं. पण २०२३ च्या पूर्ण वर्षात तिथे एकही खून झाला नाही, ही बातमी त्या मानाने फार कमी लोकांपर्यंत पोचली.

मधल्या काळात गावाने कर मिळवायला व्हिस्की गल्च नावाचा जुना बाजार पाडून ती काचेची ऑफिसं आणि हॉटेल येऊ दिलं, २००३ मध्ये आयकिया हे फर्निचरचं मोठं दुकान आलं. मोठं किराणा दुकान मात्र कित्येक वर्षं नव्हतंच, ते २००९ मध्ये आलं, तोवर भाजीसुद्धा दुसऱ्या गावातून. २०११ मध्ये फेसबुक शेजारी मेन्लो पार्कला आलं आणि भाडी सुटली. त्याआधीच हायवेच्या पश्चिमेकडची १८०० च्या आसपास भाड्याची घरं एका कंपनीने कर्ज काढून घेतली होती, भाडी वाढवली, मंदीत ती कंपनी बुडाली आणि तिच्याबरोबर राज्याच्या सरकारी नोकरांच्या पेन्शन फंडाचे १० कोटी डॉलरही. आज गावात बहुसंख्य लॅटिनो, म्हणजे मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचे आहेत, पॅसिफिक बेटांवरच्या टोंगा-सामोआकडचे लोक आहेत, कृष्णवर्णीय बरेच कमी झालेत. ज्यांना एकेकाळी दुसरीकडे घर मिळत नव्हतं त्यांच्या नातवंडांना आता इथेही परवडत नाही, साधं घर दहा लाख डॉलरच्या आसपास. पालो अल्टोत त्याच्या तिप्पट.

पाण्याचं तर ऐकून विश्वास बसत नाही. सिलिकॉन व्हॅलीच्या मधोमध असून गावाचा पाण्याचा कोटा इतका तुटपुंजा होता की २०१६ मध्ये नवीन बांधकामावर बंदी घालावी लागली, परवडणारी घरं, शाळा सगळं अडकलं. नंतर माउंटन व्ह्यूने ५० लाख डॉलर घेऊन रोजचा १० लाख गॅलनचा आणि पालो अल्टोने फुकट ५ लाख गॅलनचा आपला न वापरलेला कोटा दिला, तेव्हा २०१८ मध्ये बंदी उठली. पालो अल्टोने हे चांगलंच केलं, पण शेजाऱ्याकडे न लागणारं पाणी कोट्यात पडून होतं हेही तेवढंच खरं.

पालो अल्टोच्या आतही सगळे श्रीमंत नाहीत. ब्वेना व्हिस्टा या मोबाइल होमच्या, म्हणजे कारखान्यात बनवून आणून ठेवलेल्या स्वस्त घरांच्या वस्तीत चारशेच्या आसपास लोक राहतात, मालकाने २०१२ मध्ये ती बंद करायचं काढलं, लोक लढले आणि २०१७ मध्ये काउंटीच्या गृहनिर्माण संस्थेने साधारण ४ कोटी डॉलरला ती जागा विकत घेऊन वस्ती वाचवली. एल कमिनो रिअल रस्त्यावर स्टॅनफर्डसमोर जुन्या आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्यांची रांग कित्येक वर्षं असायची, त्यात राहणारे बरेच जण रोज कामाला जाणारेच होते.

आणि फुटहिल्स पार्क. पालो अल्टोच्या मालकीचं १४०० एकरांचं डोंगरातलं सुंदर रान, १९५९ मध्ये विकत घेतलेलं. शेजारच्या गावांनी खर्चात वाटा दिला नाही म्हणून ते फक्त पालो अल्टोकरांसाठी ठेवलं आणि हा नियम पन्नासहून जास्त वर्षं चालला, गेटवर रेंजर ओळखपत्र बघायचा, बाहेरचा आढळला तर दंड होऊ शकायचा. वाटा न देणारी गावं श्रीमंतच होती, पण बंदी ईस्ट पालो अल्टोच्या मुलांनाही तेवढीच लागू. २०२० मध्ये नागरी हक्क संघटना कोर्टात गेल्या आणि १७ डिसेंबर २०२० ला गेट सगळ्यांसाठी उघडलं. पहिल्या काही दिवसांत इतकी गर्दी झाली की गाड्यांची संख्या मर्यादित करावी लागली.