औंस म्हणजे नेमकं किती? वजनाचा औंस आणि मापाचा औंस

अमेरिकन पाककृतीत '८ औंस दूध' आणि '८ औंस मैदा' एकाखाली एक लिहिलेले असतात, आणि वाचणारा दोन्हींसाठी एकच कप भरून मोकळा होतो. दूध बरोबर पडतं, मैदा जेमतेम निम्मा. दुधाचा औंस आकारमानाचा, म्हणजे फ्लुइड औंस. मैद्याचा औंस वजनाचा. अमेरिकन कप ८ फ्लुइड औंसांचा, सुमारे २३७ मिली. त्यात हलक्या हाताने भरलेला मैदा १२० ते १२५ ग्रॅम बसतो. ८ औंस वजन मात्र २२७ ग्रॅम, म्हणजे कपाच्या हिशेबाने जवळजवळ दोन कप. एकच कप घातला तर मिश्रण पातळ होतं आणि केक फुगून मधोमध बसतो.

जड पदार्थात चूक उलट्या बाजूने होते. अमेरिकेतला कन्डेन्स्ड मिल्कचा नेहमीचा डबा १४ औंसांचा. हे वजन आहे, ३९७ ग्रॅम. आत भरलेलं दूध घट्ट असल्यामुळे ते जेमतेम ३०० मिली भरतं. बर्फीच्या कृतीतले १४ औंस मापाच्या भांड्याने मोजले तर ४१४ मिली पडतात. साखर तिपटीने नव्हे, पण सव्वापटीहून जास्त नक्की होते, आणि मग बर्फी वडी धरत नाही. आपल्याकडचा ४०० ग्रॅमचा डबा तसाच पूर्ण ओतला तर काहीच मोजावं लागत नाही.

हा घोळ पाण्यामुळे झाला. ब्रिटनने १८२४ साली गॅलन ठरवला तोच मुळी १० पौंड पाण्यावरून. त्यामुळे ब्रिटिश फ्लुइड औंस म्हणजे एक औंस वजनाचं पाणी जेवढी जागा घेतं तेवढी जागा, २८.४ मिली. पाणी मोजताना दोन्ही औंस जुळतात, म्हणून ते एकच आहेत असं वाटत राहतं. अमेरिकेने मात्र २३१ घन इंचांचा जुना वाइन गॅलन सोडला नाही. त्याचा औंस २९.६ मिली. त्यात गंमत अशी की ब्रिटिश औंस लहान, पण पाइंट मोठा: त्यात २० औंस, ५६८ मिली. अमेरिकन पाइंटात १६ औंस, ४७३ मिली.

ओळखायचं कसं? पाकिटावर औंसाचं लघुरूप 'ओझेड' (oz) असतं; त्याच्या आधी 'एफएल' (fl, म्हणजे फ्लुइड) असेल तर माप, 'नेट वेट' असेल तर वजन. कृतीत दूध, पाणी, तेल आलं की माप समजावं. लोणी, चॉकलेट, चीज, मैदा आला की वजन. दही, मध, टोमॅटो प्युरी या मधल्या मंडळींसाठी शेजारी ग्रॅम लिहिलेत का ते पाहावं. वजनाला २८.३५ ने आणि मापाला ३० ने गुणलं तर स्वयंपाकघरात पुरतं.

बाळाच्या दुधाच्या बाटलीवरही औंसच असतात, आणि तिथे चूक महागात पडते. अमेरिकेत बहुतेक पावडरींना २ औंस, म्हणजे ६० मिली पाण्याला एक चमचा लागतो. भारतातल्या बऱ्याच पावडरींना ३० मिलीला एक. आजी इथून पावडर घेऊन गेली तर तिथला हिशेब लावू नये. डबा ज्याचा, चमचा आणि प्रमाणही त्याचंच. आधी पाणी मोजावं, मग पावडर घालावी.

सोन्याचा औंस आणखी वेगळा. तो ट्रॉय औंस, ३१.१ ग्रॅम. जागतिक बाजारातला भाव याच औंसाचा असतो. त्याला २८.३५ ने भागलं तर ग्रॅमचा भाव जवळजवळ १० टक्के चढा निघतो आणि सराफ स्वस्त देतोय असा भास होतो. ग्रेन या जुन्या, बारीक वजनात जुना तोळा १८० ग्रेनचा, ट्रॉय औंस ४८० ग्रेनचा. म्हणजे ३ औंसांचे बरोबर ८ तोळे. पण महाराष्ट्रातले सराफ आज १० ग्रॅमला तोळा म्हणतात, त्यामुळे हे जुनं गणित दुकानात लागू पडत नाही. सोनं जड की कापूस, या कोड्याचं उत्तरही इथे फिरतं: औंसभर सोनं औंसभर कापसापेक्षा जड, पण पौंडभर सोनं पौंडभर कापसापेक्षा हलकं. ट्रॉय पौंडात १२ औंस, साध्या पौंडात १६.

बारा हा मूळचा आकडा. लॅटिनमध्ये 'उन्किया' म्हणजे बारावा भाग. रोमन पौंडाचा बारावा भाग फ्रेंचमार्गे औंस झाला, आणि फुटाचा बारावा भाग 'इंच' होऊन इंग्रजीत त्याआधीच पोचला होता. औंस आणि इंच ही सख्खी भावंडं.

इंग्रजीत हिमबिबट्यालाही 'औंस' म्हणतात, त्याचं मात्र या घराण्याशी नातं नाही. तो शब्द 'लिंक्स'वरून आला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं 'लाँस' झालं. सुरुवातीचा 'ल' हे उपपद आहे असं समजून लोकांनी तो तोडला आणि 'आँस' उरलं. आधी ते रानमांजरासारख्या लिंक्सचं नाव होतं, पुढे हिमालयातल्या या मोठ्या मांजराला चिकटलं. शास्त्रीय नाव देताना त्याचं लॅटिन रूप केलं गेलं आणि आज तो 'पँथेरा उन्किया' आहे. अक्षरं हुबेहूब बाराव्या भागाची, व्युत्पत्ती लिंक्सची.