चित्रातली गाडी कोणत्या सालातली?

रेल्वेचित्र करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो आणि खाली एकच ओळ असते : ‘असं काढून द्याल का? किती होतील?’ काढून देऊ. पण किती होतील ते सांगण्याआधी आम्ही उलट विचारतो, साल कोणतं? बऱ्याच जणांना हे उगाच काढलेलं खुसपट वाटतं. प्रत्येकाला फोनवर समजावण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलं आहे.

परळच्या आमच्या स्टुडिओत येणारी निम्म्याहून जास्त कामं निवृत्तीच्या भेटीची असतात. मोटरमन, लोको पायलट, गार्ड (२०२२ पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात), परळ-माटुंग्याच्या वर्कशॉपमधले फिटर. चित्र सांगायला येतात मुलगी-जावई किंवा डेपोतले सहकारी, आणि ते लागतं अशा माणसाच्या भिंतीवर, ज्याचा सगळा जन्म त्या गाडीवर गेला. पँटोग्राफ (छतावरचा, तारेला टेकणारा सांगाडा) कितव्या डब्यावर, हेडलाइट कुठे, दाराच्या कडेचा दांडा कोणत्या रंगाचा, हे त्यांना झोपेतून उठवून विचारा. आणि बहुतेक वेळा हा जाणकार माणूस चित्र पहिल्यांदा पाहतो ते पूर्ण होऊन, फ्रेम लागून, सत्काराच्या टेबलावर आल्यावर. ‘चित्र झकास आहे, पण...’ त्या ‘पण’मध्ये आमचे आठवडे जातात.

नेहमीचे घोटाळे सांगतो.

डेक्कन क्वीन आणि धूर. ही गाडी १ जून १९३० ला सुरू झाली तेव्हा पुण्यापर्यंत तारा पोचलेल्या होत्या. ती सुरुवातीपासून विजेच्या इंजिनावर धावली. तरी खंडाळ्याच्या घाटात काळा धूर सोडणारी डेक्कन क्वीन मागणारे भेटतातच. धूर हवाच असेल तर घाट तोच ठेवू आणि गाडी बदलू. बोरघाटातून १८६३ पासून गाड्या जाताहेत, वाफेच्या इंजिनांची तिथे कमी नव्हती. रंगांचंही तसंच. आपल्याला आठवते ती निळी-पांढरी. पण सुरुवातीच्या दोन रेकपैकी (रेक म्हणजे गाडीच्या डब्यांचा पूर्ण संच) एक चंदेरी होता, त्यावर लाल पट्ट्या, आणि दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा. पणजोबांच्या काळातली डेक्कन क्वीन हवी असेल तर हे दोन रंग मागा. चित्रात ते फार सुंदर दिसतात आणि ते मागणारे फार कमी आहेत.

पहिली गाडी आणि व्हीटीचा घुमट. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली १६ एप्रिल १८५३ ला. चौदा डबे आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. व्हीटीच्या, म्हणजे आजच्या सीएसएमटीच्या, इमारतीचं काम वास्तुविशारद स्टीव्हन्सने १८७८ मध्ये सुरू केलं. म्हणजे ज्या घुमटासमोर ही गाडी उभी करायला सांगतात, तो तेव्हा कुठेच नव्हता. शाळा आणि बँका हे चित्र हमखास मागतात. आम्ही ते तसं करत नाही. ऑर्डर गेली तरी चालेल.

लोकल. पांढरी-जांभळी लोकल २००७ नंतरची. वडील नव्वदच्या दशकात गाडी चालवत असतील तर ती पिवळी-तपकिरी हवी. पाट्यांकडेही बघा : प्रभादेवीच्या पाटीवर २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड होतं, आणि व्हीटीला मिळालेलं सीएसटी हे नाव १९९६ च्या आधीच्या चित्रात येऊ शकत नाही.

गावचं स्टेशन. चाकरमान्यांची ही लाडकी मागणी, आणि आम्हालाही आवडीची, कारण कोकणातला हिरवा पॅलेटवर जुळवताना मजा येते. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. त्याआधीच्या आठवणीतली गाडी हवी असेल तर डिझेल इंजिन आणि मोकळं आकाश. आजची हवी असेल तर खांब आणि तारा आल्याच.

तारांवरून एक वेगळं सांगायचं आहे. ‘तारा काढून टाका, आकाश स्वच्छ दिसू दे’ असं पुष्कळ जण म्हणतात. मुंबईत पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला धावली. त्यानंतरच्या मुंबईच्या चित्रातून तारा काढल्या तर लोकल नुसती रुळांवर ठेवलेली वाटते. शिवाय रूळ आणि तारा एकाच बिंदूकडे पळतात, त्यातूनच चित्राला खोली येते. आम्ही त्या नाजूक करू, मागे धुक्यात विरघळवू, पण काढणार नाही.

फोटो उलटा असणं हाही एक ताप आहे. जुन्या निगेटिव्हवरून स्कॅन करताना किंवा सेल्फी कॅमेऱ्याने काढताना डावं-उजवं बदलतं. आपल्याकडे दुहेरी मार्गावर गाडी डाव्या रुळावरून जाते. गाडीची डावी बाजू म्हणजे समोरून पाहणाऱ्याची उजवी, म्हणून समोरून येणारी गाडी फोटोत आपल्या डाव्या हाताच्या रुळावर दिसली तर आधी पाटीवरची अक्षरं तपासा.

आता उपाय. आम्ही रंगाला हात लावण्याआधी पेन्सिलचं रेखाटन करतो, त्यावर साल, गाडी, जागा आणि रंग लिहितो आणि तुम्हाला पाठवतो. ते जाणकाराला दाखवा. तुमच्या मुलांना आवडलं की नाही हा प्रश्न नंतरचा. या टप्प्यावर कितीही बदल करा, पैसे नाहीत. तुमचं ‘ठीक आहे’ आल्यावर रंग सुरू होतात आणि त्यानंतरच्या बदलाचे वेगळे पैसे पडतात. हे ऐकून काही जण नाराज होतात, म्हणून कारण सांगतो. ‘इंजिन जरा डावीकडे घ्या’ म्हटलं की रूळ, फलाटाची कड, छताचे खांब, तारा, सगळ्यांचे कोन बदलतात. आणि तैलरंगात ओल्या थरावर घाईने दुसरा थर चढवला तर खालचा हलत राहतो आणि वरचा पुढे तडकतो. त्यामुळे दुरुस्ती म्हणजे बहुधा खरवडून पुन्हा सुरुवात.

‘पण सरप्राइज आहे, बाबांना कसं दाखवणार?’ बरोबर. मग त्यांच्याच शेडमधल्या किंवा लॉबीतल्या (चालक-गार्ड ड्युटीला हजर होतात त्या जागेतल्या) सहकाऱ्याला दाखवा. प्रत्येक डेपोत एक तरी माणूस असा असतो ज्याला इंजिनांचे नंबर आपल्या मुलांच्या वाढदिवसांपेक्षा पक्के आठवतात. आमच्याकडे एका कुटुंबाने घाटातल्या मालगाडीचं चित्र सांगितलं होतं आणि फोटो दिला होता भलत्याच इंजिनाचा. बाबांच्या जुन्या सहकाऱ्याने रेखाटन पाहताच सांगितलं, ‘तेव्हा खेकडा होता.’ खेकडा म्हणजे डब्ल्यूसीजी-१ : मधे केबिन, दोन्हीकडे लांब नाकं, चाकांना जोडणारे दांडे. दोन तासांत रेखाटन बदललं. रंग चढल्यावर हे कळलं असतं तर महिना गेला असता.

सगळ्यांनाच इतकी काटेकोर गाडी हवी असते असं नाही, आणि नसावीही. इंग्रज चित्रकार टर्नरने १८४४ मध्ये पावसातून येणारी गाडी रंगवली, त्यात इंजिन जेमतेम ओळखू येतं. फ्रेंच चित्रकार मोनेने १८७७ मध्ये पॅरिसचं सँ-लाझार स्टेशन पुन्हा पुन्हा रंगवलं, ते मुख्यतः छताखाली कोंडलेल्या वाफेसाठी. आपल्याकडे नागपूरचे बिजय बिस्वाल रेल्वेत तिकीट तपासनीस होते. पावसाने भिजलेल्या फलाटावरच्या छत्र्या आणि त्यांची प्रतिबिंबं ही त्यांची ओळख. या वाटेचं चित्र हवं असेल तर तसं सांगा, सालाचा जाच पुष्कळ कमी होतो. फक्त मग सत्काराच्या दिवशी रिव्हेट मोजू नका. दुसऱ्या टोकाला इंग्लंडचा टेरेन्स क्यूनिओ : त्याचं इंजिन इंजिनियरलाही पटायचं, आणि तरी तो चित्रात कुठेतरी एक छोटा उंदीर लपवायचा. तशी लपवाछपवी आम्हीही करतो. बाबांचा जेवणाचा डबा, हिरवा झेंडा, मोटरमनच्या खिडकीत अडकवलेली पिशवी, काय हवं ते सांगा. त्याचे पैसे घेत नाही.

‘फोटोच कॅनव्हासवर छापून घेतला तर?’ स्वस्तात होईल, जरूर घ्या, आम्ही छापखान्याचा पत्ताही देतो. पण जी गाडी भंगारात गेली, ज्या फलाटावर बाबा पहिल्या ड्युटीला उभे राहिले आणि तेव्हा कुणाकडे कॅमेरा नव्हता, ते छापायला फोटो कुठून आणणार? इंटरनेटवरून उतरवलेला दुसऱ्याचा फोटो मात्र आम्ही जसाच्या तसा रंगवत नाही. त्याच्या परवानगीची चिठ्ठी आणा किंवा आम्हाला संदर्भ म्हणून तीन-चार वेगवेगळे फोटो द्या.

वेळेचं गणित. रेल्वेत निवृत्ती महिन्याच्या शेवटच्या दिवशी होते, आणि जन्म एक तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून ही जन्मतारीख टाकून दिलेली पिढी आता निवृत्त होते आहे, त्यामुळे ३१ मे ला आमच्याकडे रांग लागते. मे महिन्याचं चित्र हवं असेल तर जानेवारीत या. पावसाळ्यात तैलरंग वाळायला जास्त वेळ घेतो, कारण तो पाणी उडून वाळत नाही, हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होतो आणि दमट, कोंदट हवेत ते काम रेंगाळतं. जुलै-ऑगस्टची घाई असेल तर अ‍ॅक्रिलिक घ्या, ते लवकर वाळतं. जलरंग घेतलात तर काच लागेल. तैलचित्राला काच लावू नका. शेवटचं व्हार्निश आम्ही सहा महिन्यांनी ते एक वर्षाने लावून देतो, फुकट, पण चित्र तुम्ही आणून द्यायचं.

निम्मे पैसे रेखाटनाच्या वेळी, उरलेले नेताना. फ्रेमचे वेगळे. दोन फुटांपर्यंतची फ्रेम लोकलच्या मालडब्यातून दुपारी बारा ते चारच्या दरम्यान नीट जाते. त्याहून मोठी असेल तर टेम्पो सांगा, आणि संध्याकाळी सहाला दादरच्या फलाटावर चित्र घेऊन उभे राहू नका, मग ते कोणत्याही सालातलं असो.