दगड की पट्टा: वस्तऱ्याची धार नेमकी कशानं परत येते

आजोबांच्या धोकटीतला वस्तरा माझ्याकडं आला तेव्हा पात्याच्या मुळाशी 'सोलिंगेन' एवढंच वाचता येत होतं. शिंगाच्या मुठीला भेग पडली होती, पण पोलाद धडधाकट होतं. जर्मनीतलं हे शहर पात्यांसाठीच ओळखलं जातं. तिथं बनलेल्या मालावरच ते नाव टाकायचं, असा कायदा १९३८ साली झाला. गंज काढला, दगडावर धार लावली आणि उत्तम दाढी झाली. पंधरा दिवसांनी वस्तरा केस ओढू लागला, तसा पुन्हा दगड काढला. मग हे नेहमीचंच झालं.

उदगीरला आमच्या गल्लीत एक म्हातारे कारागीर आहेत. आयुष्यभर खुर्चीमागं उभे राहिलेले. एकदा त्यांनी मला ओट्यावर बसून घासताना पाहिलं.

"काय करायलास रं?"

"धार लावायलोय काका."

"अन् पट्टा कुठंय?"

पट्टा नव्हताच. त्यांनी वस्तरा हातात घेऊन पात्याच्या पाठीवरून, म्हणजे धारेसमोरच्या जाड कडेवरून, अंगठा फिरवला. पाठ दोन्ही अंगांनी सपाट झिजून चकाकत होती. "सारखं दगडावर घासायलास तर नातवाच्या हाती नुसती मूठ जाईल की," ते म्हणाले.

घोटाळा आपल्या बोलण्यातच आहे. दगडावर घासलं तरी आपण 'धार लावली' म्हणतो आणि चामड्याच्या पट्ट्यावर फिरवलं तरी 'धार लावली'च म्हणतो. पण दगड पोलाद खातो. पट्टा जवळजवळ काहीच खात नाही, तो असलेली धार सरळ करून घोटतो. मी पट्ट्याचं काम दगडाकडून करून घेत होतो आणि त्याची किंमत आजोबांच्या वस्तऱ्यानं मोजली.

आधी दगडाचं सांगतो. सुरी पाजवताना कोन हातानं धरावा लागतो, वस्तऱ्याला तसं करावं लागत नाही. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवायच्या, कोन घडवणाऱ्यानं पात्याच्या रुंदीत आणि पाठीच्या जाडीत आधीच बसवून ठेवलेला असतो, दोन्ही बाजू मिळून साधारण १६-१७ अंशांचा. दगडाचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक. १००० नंबरच्या दगडावर दोन्ही बाजूंचे उतार धारेपाशी एकमेकांना भेटवायचे. पुढचे ४०००, ८०००, १२००० नंबर फक्त आधीच्या दगडाचे ओरखडे पुसतात. नवशिके इथंच फसतात. उतार भेटलेच नसतील तर १२००० चा दगड बोथट धारेलाच आरशासारखी चमक देतो, अन् माणूस दिवसभर घासत बसतो.

उतार भेटले हे ओळखायची एक खूण मला फार आवडते. दगडावर पाण्याचा पातळ थर ठेवून पातं धारेच्या दिशेनं पुढं न्यायचं. धार जमली नसेल तर पाणी तिच्यापुढं ढकललं जातं. जमली की तेच पाणी धारेवरून पात्यावर चढतं, मुठीकडच्या टाचेपासून टोकापर्यंत एकसारखं. कुठं चढलं नाही तर तेवढ्याच जागी काम बाकी आहे. उताराला काळा मार्कर फासून दोन हात मारले, तरी शाई कुठं राहिली ते दिसतं. हात मात्र हलका हवा. जोर दिला की पातळ पातं वाकतं आणि धारेवर तार येते, म्हणजे पोलादाची बारीक कड वळून राहते.

पट्ट्यावर सगळं उलट. दगडावर धार पुढं चालते, पट्ट्यावर पाठ पुढं आणि धार मागं. टोकाला पोचल्यावर पातं पाठीवरच उलटवायचं, पाठ चामड्यावरून उचलायची नाही. माझ्या पट्ट्यावर कडीपासून चार बोटांवर चंद्रकोरीएवढा काप आहे, तो पातं धारेवरून उलटवल्याचा. पट्टा ताणून धरायचा, सैल सोडला तर धार गोल होते. आधी कापडाच्या बाजूवर वीसेक, मग चामड्यावर पन्नास-साठ हात, आणि हे प्रत्येक दाढीआधी.

मग दगड लागतोच कशाला? कारण केस वाटतो तितका गरीब नाही. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी पातं केस कापताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ असूनही, तो वाकला आणि पोलादात कुठं कच्ची जागा असली तर धारेची बारीक कपची उडते. त्यांचा प्रयोग वापरून फेकायच्या ब्लेडवर होता, पण वस्तऱ्यावरही कपच्या पडतातच, आणि उडालेलं पोलाद पट्टा परत आणू शकत नाही. म्हणून माझा क्रम असा: वस्तरा ओढू लागला की आधी पट्टा. दोन-तीन दाढ्यांनंतरही ओढतोय तर १२००० च्या दगडावर आठ-दहा हलके हात. भिंगातून खाच दिसली तरच १००० चा दगड.

सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याकडं जुना वस्तरा देऊ नका. कात्री-विळ्याला ते चाक ठीक आहे. वस्तऱ्याची धार इतकी पातळ असते की ती क्षणात तापते. निळसर झाक दिसली की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं समजा. मग तो भाग दगडानंही टिकाऊ होत नाही, पट्ट्यानंही नाही. धारेलगत गंजाचे खोल खड्डे असले तरी तसंच.

आता दुकानात अर्धं ब्लेड लावायचा वस्तरा असतो. रक्तातून पसरणाऱ्या आजारांमुळं ते योग्यच आहे, आणि त्याला यातलं काहीच लागत नाही. त्यामुळं खुर्चीला लटकणारा पट्टा दिसेनासा झाला, आणि घरी शिकणाऱ्याला वाटतं की धार म्हणजे दगडच.

आपल्याकडच्या हवेचंही थोडं बघावं लागतं. मे महिन्यात चामडं वाळून कडक होतं, तेव्हा तळहातानं पट्टा चोळला तरी त्याला पुरेशी स्निग्धता मिळते. तेल ओतलं तर तो चिकट होतो. दगड मधोमध खोलगट होतो, म्हणून त्यावर पेन्सिलीनं चौकटी आखून काचेवर ठेवलेल्या ओल्या पॉलिश पेपरवर रेघा पुसेपर्यंत घासायचा. आणि बोअरचं पाणी पात्यावर वाळू द्यायचं नाही. त्याचे पांढरे डाग राहतात, पाणी साचलं तिथं गंज धरतो. मी पातं मऊ फडक्यानं पाठीकडून धारेकडं पुसतो, तासभर उघडं ठेवतो आणि मगच मुठीत मिटतो.