ट्रान्सपायलर आणि पॉलिफिल: जुना ब्राउझर नेमका कुठे अडतो?

२०१३चा आयपॅड एअर आयओएस १२च्या पुढे जात नाही. तशाच एका आयपॅडवर मी बनवलेला फॉर्म उघडला, तर पान कोरं. क्रोम टाकून पाहिलं तरी तेच, कारण तिथे क्रोमच्या आतही सफारीचंच वेबकिट इंजिन (कोड वाचून चालवणारा भाग) असतं. मग बेबल हे ट्रान्सपायलर, म्हणजे नवा कोड जुन्या रीतीत लिहून देणारं साधन, जोडलं. पान दिसू लागलं, पण रक्कम भरून बटण दाबलं की काहीच होईना. दोन्ही वेळा मी 'ब्राउझर जुना आहे' असंच म्हणत होतो. आजार मात्र दोन होते.

मोडीतला जुना कागद हाती आला असं समजा. मोडी वाचताच येत नसेल, तर आधी कुणीतरी तो बाळबोधीत उतरवून द्यायला हवा. मग अक्षरं लागतात, पण 'इनाम', 'सनद', 'तनखा' हे शब्द अडतात. त्यासाठी शब्दार्थांची यादी लागते. ती यादीही मोडीतच लिहिलेली असेल, तर उपयोग शून्य.

ट्रान्सपायलर म्हणजे ते लिप्यंतर. कोड सर्व्हरवर चढवण्याआधी, आपल्याच मशीनवर, तो नवी वाक्यरचना जुन्या रचनेत लिहून काढतो. बेबल २०१४मध्ये सुरू झालं तेव्हा त्याचं नावच 'सिक्स टू फाइव्ह' होतं: ईएस६ (जावास्क्रिप्टची नवी आवृत्ती) घ्या, ईएस५ (जुनी) करून द्या. माझ्या कोडमध्ये '?.' हे चिन्ह होतं, म्हणजे ऑप्शनल चेनिंग ही नवी रचना: डावीकडे काही नसेल तर चूक न देता थांबायचं. आयओएस १२च्या सफारीला ते वाचताच येत नाही. आणि एक चिन्ह वाचता आलं नाही, तर इंजिन ती अख्खी फाइल सोडून देतं, त्यातली एकही ओळ चालत नाही. पान कोरं राहिलं ते म्हणून.

पॉलिफिल ही शब्दार्थांची यादी. भिंतीची भोकं बुजवायला ब्रिटनमध्ये 'पॉलिफिला' नावाची पुट्टी मिळते, तिच्यावरून वेब डेव्हलपर रेमी शार्प यांनी हे नाव दिलं. ही पुट्टी ब्राउझरमध्येच, पान उघडल्यावर भरली जाते: अमुक फंक्शन आहे का ते बघायचं, नसेल तर साध्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं आपलं ठेवायचं. '१,२५,०००'मधले सगळे स्वल्पविराम काढायला मी 'रिप्लेसऑल' वापरलं होतं. लिहिण्याची रीत जुनीच, त्यामुळे बेबलला त्यात बदलण्यासारखं काही दिसलं नाही. पण आयओएस १२मध्ये ते फंक्शनच नाही. कोअर-जेएस या पॉलिफिलांच्या संग्रहातलं पॉलिफिल घेतलं आणि बटण चालू झालं.

ओळखायचं कसं? ब्राउझरचा कन्सोल, म्हणजे कोडच्या चुका दाखवणारी खिडकी, उघडा. 'सिंटॅक्स एरर' दिसली तर बहुतेक लिप्यंतर राहिलंय. 'इज नॉट अ फंक्शन' किंवा 'इज नॉट डिफाइन्ड' असेल आणि ते नाव तुमच्या कोडमधलं नसून ब्राउझरने द्यायचं असेल, तर यादी राहिलीय.

टाइपस्क्रिप्टवाल्यांनी (ही जावास्क्रिप्टवर बेतलेली भाषा, तिचा कंपायलर कोड तपासून जावास्क्रिप्ट करून देतो) इथे विशेष जपावं. त्यातलं 'टार्गेट' हे सेटिंग वाक्यरचना खाली उतरवतं. 'लिब' हे सेटिंग मात्र कंपायलरला फक्त सांगतं की अमुक फंक्शन आहे असं धर. ते फंक्शन आणून देत नाही. त्यामुळे कंपायलर खूश असतो आणि जुन्या आयपॅडवर बटण मेलेलंच राहतं.

'एसिंक-अवेट'ला (वेळ लागणाऱ्या कामाची वाट पाहण्याची रचना) कधी दोन्ही लागतात: रचना बदलून मिळते, पण बदललेला कोड 'प्रॉमिस' मागतो, आणि ते ब्राउझरने द्यायचं असतं. आणि 'प्रॉक्सी'पुढे (एखाद्या वस्तूतलं वाचणं-लिहिणं मध्येच अडवणारी सोय) दोन्ही हतबल आहेत. ते वागणं जुन्या इंजिनात बाहेरून पूर्णपणे उभंच करता येत नाही, तिथे कोड वेगळ्या पद्धतीने लिहावा लागतो.