जीवशास्त्र आणि वैद्यकातल्या इंग्रजी संज्ञा कुठून आल्या

मराठी माध्यमातून अकरावी विज्ञानाला किंवा पुढे एमबीबीएसला गेलेला विद्यार्थी इंग्रजी वाक्यांपाशी फारसा अडत नाही, तो अडतो संज्ञांपाशी. मूत्रपिंडाचा धडा घ्या. अवयवाचं नाव ‘किडनी’, त्याला रक्त पुरवणारी ‘रीनल’ आर्टरी, त्यातलं गाळणीचं सूक्ष्म एकक ‘नेफ्रॉन’ आणि त्याचा दाह म्हणजे ‘नेफ्रायटिस’. एकाच अवयवाच्या शब्दांना तीन वेगळी मुळं. फुप्फुसाचं तेच: लंग, पल्मोनरी, न्यूमोनिया. त्वचेचंही तेच: स्किन, क्युटेनियस, डर्मटायटिस. पहिला शब्द बोलीतला इंग्रजी, दुसरा लॅटिन, तिसरा ग्रीक. ही तीनपदरी रचना इतिहासातून आली आहे आणि तो इतिहास ठाऊक असला की पाठांतराचं ओझं निम्म्याने उतरतं.

युरोपातलं वैद्यक घडलं ग्रीक भाषेत. रोमचं साम्राज्य ऐन भरात असतानाही, दुसऱ्या शतकात, गॅलन या ग्रीक वैद्याने आपले ग्रंथ ग्रीकमध्येच लिहिले. लॅटिनमध्ये लिहिणारा सेल्सस त्याच्या आधीचा, पहिल्या शतकातला. दाहाची त्याने सांगितलेली चार लक्षणं, रुबोर, ट्युमर, कॅलोर, डोलोर, म्हणजे लाली, सूज, उष्णता, वेदना, विकृतिशास्त्राच्या पुस्तकात आजही त्याच नावांनी येतात. पण रोगांची आणि उपचारांची नावं बव्हंशी ग्रीकच राहिली. पुढे बाराव्या शतकात वैद्य इब्न सिना यांचा ‘कानून’ हा वैद्यकाचा ग्रंथ स्पेनमधल्या तोलेदो इथे अरबीतून लॅटिनमध्ये गेला. मेंदूच्या बाहेरच्या जाड आवरणाला ‘ड्यूरा मेटर’, म्हणजे कठीण माता, म्हणतात ते अरबी संज्ञेच्या शब्दशः लॅटिन भाषांतरामुळे.

शरीररचनेचं दालन लॅटिनने व्यापलं ते १५४३ पासून. त्या वर्षी शरीररचनातज्ज्ञ व्हेसेलियसचा शरीररचनेवरचा मोठा ग्रंथ स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये छापला गेला, लॅटिनमध्ये. विल्यम हार्वे इंग्रज, पण रक्ताभिसरणावरचं १६२८ चं पुस्तक त्यानेही लॅटिनमध्येच लिहिलं. यातून एक कामाचा ठोकताळा हाती येतो: भागाचं नाव बहुधा लॅटिन, रोगाचं आणि शस्त्रक्रियेचं नाव बहुधा ग्रीक. अपवाद पुष्कळ आहेत, ‘कार्डिॲक’ हा नेहमीचा शब्दही ग्रीक आहे, तरी नवखा शब्द समोर आल्यावर कुठे बघायचं हे यावरून ठरतं.

लॅटिन सगळ्यांची असली तरी शिस्त नव्हती. एकाच भागाला प्रत्येक देशातले तज्ज्ञ आपापली नावं देत गेले. १८९५ मध्ये बाझेलला शरीररचनातज्ज्ञांनी यादी निश्चित केली तेव्हा सुमारे ५०,००० नावं छाटून ती जवळपास ५,००० वर आली. शोधकांच्या नावाने चालणाऱ्या संज्ञाही पुढच्या अधिकृत याद्यांतून काढल्या, पण दवाखान्यांनी आणि शाळांनी त्या सोडल्या नाहीत. म्हणूनच ‘फॅलोपियन ट्यूब’ आणि ‘युटेराइन ट्यूब’ ही एकाच नलिकेची दोन नावं आजही विद्यार्थ्याला लक्षात ठेवावी लागतात.

एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शक सुधारले आणि पेशीच्या आत नवं जग दिसू लागलं. तिथल्या संज्ञा कोणी वारशात दिल्या नव्हत्या, त्या ग्रीक तुकडे जोडून मुद्दाम बनवल्या गेल्या. जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंगने १८८२ मध्ये ‘मायटोसिस’ हा शब्द दिला. त्यातला ‘मायटोस’ म्हणजे धागा. कार्ल बेंडाने १८९८ मध्ये ‘मायटोकॉन्ड्रिया’ हे नाव दिलं: धागा आणि कण. मराठी पाठ्यपुस्तकात यांनाच सूत्री विभाजन आणि तंतुकणिका म्हणतात. प्रकाशसंश्लेषण आणि ‘फोटोसिंथेसिस’ यांचीही फोड अगदी एकसारखी आहे. मराठी माध्यमाच्या मुलांना आपण मागे आहोत असं वाटत राहतं, पण दहावीपर्यंत शिकलेली ही परिभाषा म्हणजे त्यांच्या हातात आधीच असलेली ग्रीकची किल्ली आहे, हे शिक्षकांनी त्यांना वर्गात फोड करून दाखवायला हवं. सगळीकडे हे जुळत नाही, हेही सांगावं. जर्मन शरीररचनातज्ज्ञ वाल्डायरने १८८८ मध्ये दिलेल्या ‘क्रोमोसोम’चा अर्थ रंगीत काया, म्हणजे शरीर, कारण तो रंगद्रव्य चटकन शोषून घेतो, आपला ‘गुणसूत्र’ हा शब्द कार्यावरून पडला आहे.

मराठीत आधुनिक वैद्यक शिकवण्याचा प्रयत्न फार जुना आहे. मुंबईत १८२६ मध्ये देशी भाषांतून शिकवणारी वैद्यक शाळा निघाली आणि सहाच वर्षांत बंद पडली. १८४५ ला सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजचा पदवीचा अभ्यासक्रम इंग्रजीत होता; १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या तिथल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. तेव्हापासून वैद्यकाच्या पदवीची दारं बहुतांशी इंग्रजीतूनच उघडतात. आज वैद्यकाची ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा मराठीतून देता येते, मात्र भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्न प्रमाण धरला जातो. त्यामुळे मराठीतून परीक्षा देणाऱ्यालाही मूळ संज्ञा ओळखता यायलाच हवी.

शब्द फोडताना शेवटाकडून सुरुवात करावी. ‘पेरिकार्डायटिस’ घ्या: ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘पेरि’ म्हणजे भोवती, मध्ये उरलं ते ‘कार्डि’, हृदय. हृदयाभोवतीच्या आवरणाचा दाह. आधी शेवट, मग सुरुवात, मग मधला भाग, हा क्रम मोडू नये. शस्त्रक्रियांचे तीन शेवट नेहमी गोंधळात टाकतात. ‘टॉमी’ म्हणजे कापणं, ‘एक्टॉमी’ म्हणजे कापून बाहेर काढणं, आणि ‘स्टॉमी’ म्हणजे नवं तोंड, उघडं छिद्र करणं. कोलेक्टॉमीत मोठं आतडं काढतात, कोलोस्टॉमीत त्याचं तोंड पोटावर उघडतात. वनस्पतिशास्त्रातली ‘स्टोमॅटा’, म्हणजे पर्णरंध्रं, हीही त्याच शब्दातली तोंडं. एकदा हे लक्षात आलं की हे शेवट सहसा विसरत नाहीत.

फोड दर वेळी अर्थापर्यंत नेतेच असं नाही. ‘आर्टरी’चं मूळ हवेच्या नळीकडे जातं, कारण मृतदेहात या वाहिन्या रिकाम्या दिसत आणि त्यांतून हवा वाहते असा जुना समज होता. समज गेला, शब्द राहिला. ‘कॉरोनरी’चा लॅटिनमधल्या हृदयवाचक ‘कोर’शी संबंध नाही, हृदयाला मुकुटासारखा वेढा घालणाऱ्या वाहिन्या म्हणून ‘कोरोना’वरून ते नाव पडलं. ‘मायलो’ कधी मज्जारज्जू सांगतो, कधी अस्थिमज्जा, आणि ‘मायो’ म्हणजे स्नायू, तो वेगळाच.

खरा धोका उच्चारात आहे. हायपो म्हणजे कमी, हायपर म्हणजे जास्त. घाईत ऐकलं तर हायपोग्लायसेमिया (रक्तातली साखर कमी होणं) आणि हायपरग्लायसेमिया (ती वाढणं) यांची अदलाबदल होते आणि उपचार नेमका उलटा होतो. लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि कमरेचं हाड, दोघांचाही उच्चार इलियम. फरक फक्त मधल्या अक्षराचा, आतड्याला ई आणि हाडाला आय. असे शब्द देवनागरीत उतरवून पाठ करू नयेत, स्पेलिंग लिहूनच पाठ करावेत. स्पेलिंगचेही दोन घाट आहेत. ब्रिटिश पद्धतीत अन्ननलिका, म्हणजे इसोफेगस, ओ अक्षराखाली सापडते, अमेरिकन पद्धतीत ई खाली. सूचीत शब्द मिळाला नाही तर दुसऱ्या अक्षराखाली पाहावं.

औषधांच्या नावांना शिस्त आली ती १९५० नंतर, जागतिक आरोग्य संघटनेने समान नावांची पद्धत ठरवल्यावर. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल हे एका गटातले. एनालाप्रिल, रॅमिप्रिल दुसऱ्या. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल आम्ल कमी करणारे. नावाचा शेवट पाहून गट कळतो. पण शेवट पूर्ण वाचावा: ॲरिपिप्राझोलही ‘प्राझोल’नेच संपतं, आणि ते आम्लपित्तावर दिलं जात नाही, मानसिक आजारांवर दिलं जातं.